मूत्रपिंडाची रोहिणी आणि रक्तदाब : तपासणी कोणाची व का?

चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील कामगारांस उच्च रक्तदाब आढळला, की रुग्ण आणि नातेवाईक बहुधा 'टेन्शन' हेच कारण गृहीत धरतात. पुष्कळ रुग्णांत नेमके एक कारण सापडत नाही, हे खरे. परंतु काही थोड्या रुग्णांत ते सापडते, आणि ते मूत्रपिंडास रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत असते.

ही रोहिणी अरुंद झाली म्हणजे मूत्रपिंडास रक्त कमी मिळते. सर्व शरीराचाच रक्तदाब घसरला असे समजून ते रेनिन सोडते. त्यातून पुढे निर्माण होणारे अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आक्रसते व मीठ-पाणी साठविण्यास भाग पाडते. पाटात गाळ साचून एका वाफ्यास पाणी पोहोचेना, म्हणून विहिरीवर मोठा पंप बसवावा, तसा हा प्रकार. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून तो दाखवून दिला.

सरसकट सर्वांची ही तपासणी करणे आम्हांस योग्य वाटत नाही. तिशीच्या आत किंवा पंचावन्नीनंतर एकाएकी सुरू झालेला तीव्र रक्तदाब, लघवी वाढविणाऱ्या गोळीसह तीन औषधांनीही न आवरणारा दाब, फुप्फुसांत वारंवार अचानक पाणी होणे, सोनोग्राफीत एक मूत्रपिंड दुसऱ्याहून दीड सेंटिमीटरने लहान दिसणे, या खुणा असल्यासच आम्ही पुढे जातो. तत्पूर्वी गोळ्या नियमित घेतल्या जातात काय, आणि अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामके आणली जातात काय, हे अवश्य विचारतो. कित्येकदा उत्तर तेथेच मिळते.

वयस्कांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत व मधुमेहींत, रोहिणीत मेद साचतो. आपल्या देशातील तरुण स्त्रियांत मात्र 'ताकायासू' हा रोहिणीदाह विसरून चालत नाही. त्यात एका हाताची नाडी क्षीण असू शकते व त्या दंडावर रक्तदाब फसवा, कमी भरतो. शिबिरातील रांग लांब असली की एकाच दंडावर मोजून पुढे जाण्याचा मोह पूर्वी आम्हांसही झाला आहे. आता प्रथम भेटीत दोन्ही दंडांवर मोजणी होते.

पुढील तपासणीचा आरंभ डॉपलर सोनोग्राफीने होतो. तीत सुई नाही, रंगद्रव्य नाही. मात्र करणाऱ्याचा हात सरावाचा हवा. सीटी अँजिओग्राफीचे चित्र अधिक स्पष्ट असते, परंतु तिचे रंगद्रव्य दुबळ्या मूत्रपिंडास अपाय करू शकते.

"स्टेंट का बसवीत नाही?" हा प्रश्न नातेवाईक कळकळीने विचारतात. मेदाने अरुंद झालेल्या रोहिणीच्या नऊशेंहून अधिक रुग्णांवरील 'कोरल' अभ्यासात (२०१४) चांगल्या औषधोपचारास स्टेंटची जोड देऊन एकंदरीत अधिक लाभ दिसला नाही. फुप्फुसांत वारंवार पाणी होणारे काही निवडक रुग्ण यास अपवाद ठरू शकतात. तरुण स्त्रियांतील तंतुमय विकारात फुग्याने रोहिणी रुंद केल्यास पुष्कळदा चांगला गुण येतो. यास्तव कोणते यंत्र द्यावे असे देणगीदार विचारतात, तेव्हा आम्ही प्रथम निरनिराळ्या मापांचे दंडपट्टे मागतो. जाड दंडावर लहान पट्टा खोटा दाब दाखवितो.

कुटुंबीयांस एक विनंती. रामिप्रिल वा टेलमिसार्टनसारखे औषध नव्याने सुरू झाल्यास एक-दोन आठवड्यांत क्रिॲटिनिन व पोटॅशियमची तपासणी करून घ्यावी आणि जुना अहवाल सोबत आणावा. क्रिॲटिनिन तीस टक्क्यांहून अधिक वाढले असल्यास गोळी मनाने बंद न करता त्याच दिवशी आम्हांस दाखवावे.