चर्चला कुलूप लागलं, तर मंडळी एकत्र कशी राहते?

२७ मार्च २०२०ची संध्याकाळ. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात पाऊस पडत होता. एरवी हजारोंच्या गर्दीने भरणारा हा चौक रिकामा होता आणि पोप फ्रान्सिस तिथे जगासाठी प्रार्थना करत होते. लोक होते, पण टीव्ही आणि मोबाइलसमोर, आपापल्या घरात.

भारतात दोनच दिवसांपूर्वी लॉकडाऊन लागला होता. झावळ्यांचा रविवार (५ एप्रिल), गुड फ्रायडे (१० एप्रिल) आणि ईस्टर (१२ एप्रिल) हे ख्रिस्ती वर्षातले मोठे दिवस चर्च बंद असतानाच आले आणि गेले. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली ती थेट १६ नोव्हेंबर २०२० रोजी. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला उघडली.

मराठी बायबलमध्ये 'चर्च'साठी 'मंडळी' हा शब्द येतो. म्हणजे इमारत नाही, माणसं. पण माणसांनाच एकत्र जमता येत नसेल, तर काय उरतं?

ऑनलाइन काय जमलं, काय नाही?

प्रवचन, प्रार्थना, गीतं आणि बायबल वाचन हे सगळं यूट्यूब, झूम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघरी पोहोचलं. खरा पेच होता तो भाकर आणि द्राक्षरसाचा.

कॅथलिक शिकवणुकीनुसार ख्रिस्तप्रसाद स्क्रीनवरून घेता येत नाही. मिस्सा ऑनलाइन पाहणाऱ्याने मनोमन प्रार्थना करून ख्रिस्ताला हृदयात बोलवायचं, याला 'आध्यात्मिक ख्रिस्तप्रसाद' म्हणतात. पापनिवेदनही फोनवर चालत नाही. त्यावर पोप फ्रान्सिस यांनी २० मार्च २०२० रोजी जुन्या शिकवणुकीची आठवण करून दिली: धर्मगुरू भेटत नसतील, तर मनापासून पश्चात्ताप करून थेट देवाशी बोला आणि पुढे शक्य होईल तेव्हा पापनिवेदन करा.

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये मात्र एकमत नव्हतं. काहींनी घरात भाकर आणि द्राक्षरस समोर ठेवून ऑनलाइन प्रभुभोजन घेण्याची मुभा दिली. काहींनी 'एकत्र जमू तेव्हाच' असं ठरवून वाट पाहिली.

इंटरनेट नव्हतं तेव्हा?

दूर राहून मंडळी जोडून ठेवण्याचा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. पौलाने कैदेतून मंडळ्यांना पत्रं लिहिली. कलस्सैकरांस पाठवलेल्या पत्रात तर स्पष्ट सूचना आहे की हे पत्र वाचून झालं की लावदिकीयातल्या मंडळीतही वाचून दाखवा. आजच्या भाषेत, फॉरवर्ड करा!

सर्वात थक्क करणारं उदाहरण जपानचं आहे. १६१४ मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. १६४४ नंतर तिथे एकही धर्मगुरू उरला नाही. चर्च नाही, मिस्सा नाही आणि पकडले गेलो तर मृत्यूची भीती. तरीही १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले आणि 'आमची श्रद्धा तुमचीच आहे' असं त्यांनी फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितलं. दोनशेहून अधिक वर्षं ही मंडळी लपून टिकली होती.

ती टिकली कशी?

कामं वाटून. उराकामीत एक जण सणांचं कॅलेंडर सांभाळायचा आणि कोणता दिवस कधी हे ठरवायचा. दुसरा बाळांना बाप्तिस्मा द्यायचा, कारण गरज पडल्यास सामान्य माणसानेही दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. तिसरा घरोघरी निरोप पोहोचवायचा.

लॉकडाऊनमध्येही हीच तीन कामं महत्त्वाची ठरतात. प्रार्थनेची वेळ ठरलेली असणं, जबाबदारी फक्त धर्मगुरूंवर न राहणं आणि प्रत्येक घराची कुणीतरी चौकशी करणं. अनेक कॅथलिक धर्मग्रामांत शेजारच्या काही घरांचे 'लहान ख्रिस्ती समूह' आधीपासून असतात, ते अशा वेळी कामी येतात. यूट्यूबवर किती जणांनी मिस्सा पाहिली हे आकड्यांवरून कळतं. पण कोण आजारी आहे, कुणाच्या घरात रेशन संपलंय, कुठल्या आजीकडे स्मार्टफोनच नाही, हे शेजाऱ्यालाच कळतं.

आता चर्च उघडी आहेत, मग हा विषय संपला का?

सगळ्यांसाठी नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी चर्च आजही बंदच आहे. त्याच्यासाठी लाइव्ह मिस्सा हा मोठा आधार आहे. पण रविवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन कुणी घरी आलं, दहा मिनिटं शेजारी बसलं, तर मंडळी स्वतः त्याच्या दारात आलेली असते.