सर्व्हरचा साचा : मशीन इमेज म्हणजे काय?

बिलिंग, मालाचा साठा, ऑनलाईन ऑर्डरी ही कामे आता अनेक व्यापारी बंधू दुकानातल्या संगणकाऐवजी भाड्याच्या सर्व्हरवर चालवतात. मोठ्या कंपन्या आपल्या शक्तिशाली यंत्रांचे भाग पाडून प्रत्येक भाग स्वतंत्र सर्व्हर म्हणून भाड्याने देतात. यालाच क्लाऊडमधला व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात. अमेझॉनने ही सेवा २००६ साली सुरू केली, तिचे मुंबई केंद्र २०१६ साली उघडले.

असा सर्व्हर सुरू करताना आधी मशीन इमेज निवडावी लागते. आपल्यापैकी बहुतेक जण हे काम सॉफ्टवेअरवाल्यावर सोपवून मोकळे होतात. पण भाडे आपण भरतो आणि हिशेबही आपलाच असतो, म्हणून एवढे मालकाला समजलेच पाहिजे, असे आम्हांला वाटते.

ओतकाम करणाऱ्या कारागिराला ही गोष्ट चटकन कळेल. साचा एकदा नीट बनला की त्यातून हव्या तितक्या एकसारख्या वस्तू निघतात. मशीन इमेज हा सर्व्हरचा साचा होय. लिनक्स किंवा विंडोज, त्यावर बसवलेली सॉफ्टवेअरे, त्यांची मांडणी आणि डिस्कचा तपशील हे सारे त्यात असते. सणासुदीला काम वाढले तर त्याच साच्यातून दुसरा सर्व्हर काही मिनिटांत उभा राहतो.

इमेज चार ठिकाणांहून मिळते : क्लाऊड कंपनीची स्वतःची, बाजारात विक्रीला ठेवलेली, कोणीही सर्वांसाठी खुली केलेली आणि आपण आपल्या सर्व्हरवरून काढलेली. विकतच्या इमेजवर सॉफ्टवेअरचे वेगळे भाडे लागू शकते. खुल्या इमेजबाबत खबरदारी घ्यावी, कारण अनोळखी माणसाच्या साच्यात काय दडले आहे ते बाहेरून दिसत नाही. साच्यात दोष असला तर तो प्रत्येक वस्तूत उतरतो. सिस्टीम जुनी असेल तर तीच भोके नव्या सर्व्हरलाही पडतात. उदाहरणार्थ, सेंटओएस ७ ची दुरुस्ती जून २०२४ मध्ये बंद झाली. तसेच आपली इमेज दुसऱ्याला देताना पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या आत राहिल्या नाहीत ना, हे तपासावे.

सर्वांत मोठा गैरसमज असा की इमेज काढली म्हणजे हिशेब सुरक्षित झाला. इमेजमध्ये ती काढली त्या क्षणापर्यंतचेच असते. रविवारी इमेज काढली आणि गुरुवारी सर्व्हर बिघडला, तर नवा सर्व्हर उभा राहील, पण मधल्या दिवसांची बिले, उधारी आणि वसुली त्यात नसेल. म्हणून रोजच्या हिशेबाची वेगळी प्रत ठेवलीच पाहिजे.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अमेझॉनकडे इमेज एका विभागापुरतीच चालते. मुंबईची इमेज हैदराबादेत वापरायची तर तिची तेथे नक्कल करावी लागते. इमेज काढताना सर्व्हर सहसा बंद होऊन पुन्हा सुरू होतो, म्हणून हे काम दुकान बंद असताना करावे. जुन्या इमेजमागे साठवलेल्या डिस्कच्या प्रतींचे भाडे चालूच राहते, तेव्हा नको असलेल्या प्रतीही काढून टाकाव्यात.

आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला आजच विचारा : आमची इमेज कोणाची आहे, ती शेवटची कधी काढली, आणि रोजच्या हिशेबाची प्रत कोठे आहे? तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळेपर्यंत निश्चिंत राहू नये.