श्रेणी बरोबर, मग उत्तर का चुकलं?

(१ + क्ष²)·य′ + २·क्ष·य = ० हे विकलक समीकरण घ्या. क्ष = ० असताना य = १. उत्तर घातश्रेणी आहे असं मानून सहगुणक जुळवले की मिळतं: १ − क्ष² + क्ष⁴ − क्ष⁶...

क्ष = ०.५ ठेवलं, तर बेरीज ०.८ कडे जाते. अगदी बरोबर! पण क्ष = २ ठेवलं, तर बेरजा येतात १, −३, १३, −५१... खरं उत्तर १/(१ + क्ष²), म्हणजे ०.२.

गडबड कुठे झाली? प्रत्येक पद आधीच्या पदाच्या क्ष² पट आहे (चिन्ह सोडून). ही पट १ पेक्षा कमी असेल तरच श्रेणी अभिसारी. मूळ अडथळा आलेखावर दिसत नाही: १ + क्ष² शून्य होतं ते √−१ या संमिश्र संख्येपाशी, आणि ती शून्यापासून १ अंतरावर आहे.

म्हणून आधी अभिसरण तपासा, मगच आकडे घाला.