नोंदवहीत नसलेला इतिहास

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्था ‘एम. आय. टी.’ या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. ही संस्था बॉस्टन नगरात असताना, इ. स. १८८८ मध्ये, रॉबर्ट रॉबिन्सन टेलर हा कृष्णवर्णीय तरुण वास्तुशास्त्राच्या अध्ययनासाठी तेथे दाखल झाला. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट होऊन तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही लोटली नव्हती. टेलर यांचे वडील जन्माने गुलामच होते. पुढे मुक्त होऊन त्यांनी सुतारकामावर संसार उभा केला. १८९२ मध्ये टेलर पदवीधर झाले. संस्थेचे ते पहिले कृष्णवर्णीय पदवीधर होत. नंतर अलाबामातील टस्कीगी येथे, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यालयात, त्यांनी अनेक इमारतींचे आराखडे केले. त्यांच्या विटा विद्यार्थ्यांनीच पाडल्या, भिंतीही त्यांनीच रचल्या.

संस्थेच्या दप्तरात विद्यार्थ्याचे नाव, वर्ष आणि पदवी एवढे सापडते. परंतु वर्गात त्याच्याशी कोण बोलत असे, कोण तोंड फिरवीत असे, हे नोंदवहीत कोण लिहिणार? शर्ली ॲन जॅक्सन यांनी १९७३ मध्ये या संस्थेची डॉक्टरेट मिळवली. हा मान मिळवणाऱ्या त्या तेथील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. नोंद गौरवाची खरी. तथापि १९६४ मध्ये त्या नव्याने आल्या तेव्हा वसतिगृहातील काही मुली अभ्यासाला एकत्र बसल्या होत्या. त्यांच्यात बसण्याची इच्छा जॅक्सन यांनी दर्शवताच त्यांना निघून जाण्यास सांगण्यात आले. हा प्रसंग पुढे त्यांनी स्वतः सांगितला, म्हणूनच तो आज ज्ञात आहे.

अशा आठवणी माणसाबरोबरच नाहीशा होतात. हे ओळखून क्लॅरेन्स विल्यम्स यांनी १९९५ मध्ये संस्थेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास जतन करण्याचे काम आरंभले. १९७२ पासून ते तेथेच काम करीत होते. जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे तर त्यांनी जमवलीच. पण अधिक मोलाच्या ठरल्या त्या मुलाखती. विद्यार्थी, अध्यापक, कर्मचारी अशा ७५हून अधिक जणांच्या मुलाखतींचा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाला तेथे मायेचे गुरू भेटले, कोणाच्या वाट्याला एकटेपणा आला. विल्यम्स यांनी या सर्वांचे एकच गोड कथानक केले नाही. ज्याचे बोलणे त्याच्याच नावावर ठेवले.

टेलर मात्र १९४२ मध्येच, टस्कीगी येथे स्वतः आराखडा केलेल्या प्रार्थनामंदिरात, कोसळून निवर्तले होते. १९११ मध्ये संस्थेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त त्यांनी केलेले भाषण छापील रूपाने उरले आहे. बॉस्टनमधील त्या चार वर्षांविषयी त्यांची मुलाखत घेणे मात्र विल्यम्स यांना शक्य नव्हते.