तेविसाव्या पावलावर पवनी

सहावीच्या मुलांना इतिहासात सगळ्यात अवघड जातं ते काळाचं अंतर. शिवाजी महाराज, अशोक, हडप्पा, सगळेच त्यांच्या लेखी 'पहिलेच्या काळातले'. त्या एका शब्दात साडेचार हजार वर्षं कोंबलेली असतात. म्हणून पाऊस उघडला की मी वर्ग मैदानावर काढते.

झेंड्याच्या खांबाशी आज. एक पाऊल म्हणजे शंभर वर्षं. एक जण चालतो, बाकीचे मोजतात. साडेतीन पावलांवर शिवराज्याभिषेक, तिथे चुन्याची रेघ. सोळाव्या पावलाशी रामटेकजवळ राज्य करणारे वाकाटक. तेविसाव्यावर अशोक, आणि त्याच्याच आसपास आपल्या पवनीचा स्तूप. इथे थांबवून मी विचारते, हडप्पा आता किती पावलं? कुणी दोन म्हणतं, कुणी पाच. चालणारा चालतच राहतो आणि थेट कुंपणाच्या तारेला टेकतो. "मॅडम, जितकी खांबापासून पवनी, तितकंच पवनीपासून हडप्पा!" एवढं एक वाक्य ऐकायला मी दरवर्षी चुना भिजवते.

धान कापून झालं की आम्ही पवनीला जातो. वैनगंगेकाठी, गावाशेजारी जगन्नाथ टेकडी आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या त्या कामातून विटांचा मोठा स्तूप आणि कोरीव दगडी कठड्याचे अवशेष उजेडात आले. मुलं वीट वितीने मोजतात, मग घरच्या विटेची आठवण काढतात. आजच्या विटेपेक्षा ती चांगलीच मोठी.

दगडांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यांत बायकांचीही. जाण्याआधी मी दोनच अक्षरं पक्की करून घेते, आधी 'न'. खाली आडवी रेघ, तिच्या मधोमध उभी. मग 'द'. 'दानं' लिहिता आलं की प्रत्येक जण वहीत आपलं नाव लिहून पुढे 'दानं' जोडतो. स्तूप एका राजाने हुकूम देऊन उभा केला नाही, त्यात अनेकांचा हातभार होता, हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

मुचलिंद नागाच्या शिल्पाचं चित्र मात्र मी सोबत नेते. पाच फण्यांचा नाग, त्याच्या छायेत आसन, आणि आसन रिकामं. "बुद्ध कुठी हाये, मॅडम?" हा प्रश्न येतोच. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत, आसन, बोधिवृक्ष, चक्र अशा खुणांनी त्याला दाखवत. मुलं रिकाम्या आसनाकडे बराच वेळ बघत राहतात. बांधीत नाग पाहिलेली ही मुलं, पावसात बुद्धावर फणा धरणारा नाग त्यांना लगेच कळतो.

टेकडीवर कुठे खापराचा तुकडा दिसतोच. तो खिशात घालायचा मोह मोठ्यांनाही होतो. खापर कुठे, कोणत्या थरात पडलं होतं यावरूनच त्याचा काळ ठरतो, घरी नेलं की ते नुसतं खापर. आमचा नियम ठरलेला: बघायचं, चित्र काढायचं, जागेवर ठेवायचं.

भंडारा जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. हडप्पाचा धडा उघडण्याआधी मुलांना एकदा पवनी दाखवा, आणि त्याच्याही आधी मैदानावर पंचेचाळीस पावलं चालवा.