डाग काचेवर की काचेखाली?

सकाळी ९.४०
पुणे, रविवार पेठ. जुन्या वाड्याच्या जिन्याखाली चार फूट बाय तीन फुटांची जागा, घड्याळ दुरुस्तीचं दुकान. काका शटर वर करतात, उदबत्ती लावतात आणि टेबल पुसायला घेतात. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. टेबलावर वाळूचा एक कण राहिला तरी तासाभराचं पॉलिश वाया जातं. डावीकडे भिंग, चिमटे, केस उघडायची बोथट सुरी, रबरी फुंकणी. उजवीकडे वॉटर पेपरचे तुकडे: १०००, १५००, २००० नंबर.

१०.२०
पहिलं गिऱ्हाईक, ऑफिसला निघालेले गृहस्थ. घड्याळ दाराच्या कडीला घासलं. काचेवर करडी रेघ. ‘‘महागातलं आहे हो काका. काच गेली का?’’ काका रेघेवरून नख फिरवतात. अडकत नाही. मग काडीनं पाण्याचा एक थेंब सोडतात. थेंब पसरत नाही, मोत्यासारखा उभा राहतो. सफायर. कडी लोखंडाची, तिनं ही काच कापली जात नाही. रेघ म्हणजे कडीचाच धातू काचेला लागलेला. कापडावर थोडं ब्रासो, दोन मिनिटं, रेघ गायब. ‘‘किती झाले?’’ ‘‘राहू द्या.’’ गृहस्थ वीसची नोट ठेवून जातात.

११.०५
वीज गेली. गुरुवार आहे, दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार. काका स्टूल दाराशी ओढतात. ओरखडे बघायला त्यांना बाजूनं येणारा उजेडच बरा वाटतो. डोक्यावरच्या ट्यूबखाली बारीक रेघा लपतात.

११.१५
कॉलेजातली मुलगी. आजोबांचं एचएमटी जनता, चावीचं. काच इतकी धुरकट की काटे शोधावे लागतात. काका घड्याळ गालाला लावतात. गार लागत नाही. चिमट्यानं टिचकी मारतात, आवाज बसका येतो. ॲक्रिलिक. म्हणजे घासता येईल. पण आधी भिंग. कडेला तडा असेल तर काका हात लावत नाहीत. तडा नाही. सगळ्यात मोठ्या ओरखड्यावर पाणी लावतात; तो क्षणभर फिका होतो. म्हणजे बाहेरचा आहे, आतला असता तर तसाच दिसला असता. एक तपकिरी ठिपका उरतो. घड्याळ तिरकं केलं तरी तो सहाच्या आकड्याजवळून हलत नाही. ‘‘हा डायलवर आहे, बाळ. काच साफ झाली की आणखी दिसेल. चालेल?’’ ती जरा थांबून हो म्हणते.

नवी काच दहा मिनिटांत बसते, २०० रुपये. पॉलिशचे १५०, वेळ पाऊण तास. तरी काका पॉलिशच सुचवतात. बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ साली सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा धंदा २०१६ मध्ये बंद करायचं सरकारनं ठरवलं. बाजारातल्या काचा बसतात, पण फुगवटा तसाच मिळेल याची खात्री नाही.

११.३०
चावी काढून मशीन बाहेर, डबीत. हातात नुसती केस आणि काच. १००० नंबरचा ओला कागद, सगळी घासणी एकाच दिशेनं. पाच मिनिटांत काच दुधासारखी पांढरी होते. मुलगी घाबरते. काका मान वर करत नाहीत. १५०० नंबर आडव्या दिशेनं, आधीच्या रेघा संपेपर्यंत. मग २०००. जोर बोटांत नाही, मनगटात. फक्त ओरखड्यावरच घासलं तर तिथं खळगा पडतो आणि खालचे आकडे लाटेसारखे हलतात, म्हणून सगळी काच घासायची. कोरडी तापू द्यायची नाही. शेवटी मऊ कापड, ब्रासो, गोल गोल. पांढरेपणा आधी मधे फाटतो, मग कडेकडेनं सरतो. आकडे वर येतात. सहाजवळचा ठिपकाही. हे बघण्यासाठी तरी तिथं पाऊण तास उभं राहावं. काका अंगठा चोळतात. नखाशी कातडी पांढरी पडली आहे.

१.३०
डबा. पोळी, मेथी, ताक. वीज अजून नाही.

२.१५
सामान पोचवणारा पोरगा, हेल्मेट हातात. काचेला बाराजवळ टवका. इथं नख अडकतं. काच गालाला गार, टिचकीचा आवाज खणखणीत. मिनरल. ‘‘ही घासून जात नाही रे. टवका राहणारच.’’ व्हर्निअर लावतात: ३०.५ मिलिमीटर. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची चूक झाली तरी काच सैल बसते, नाहीतर दाबताना फुटते. जुनी काच काढायची, चुरा फुंकणीनं उडवायचा, नवं गास्केट घालायचं, प्रेसमध्ये बेतानं दाब द्यायचा. २५० रुपये. ‘‘शनिवारी देऊ?’’ ‘‘दे.’’ वहीत नोंद.

४.५०
वीज आली. काचेवर वाफ असलेलं घड्याळ आलं. बाई घरी तीन दिवस बाहेरून पुसत होत्या. वाफ आत होती. पाठ उघडून वाळवणं आणि गास्केट, १२० रुपये. मध्ये दोन सेल बदलले, ८० रुपयांना एक.

७.३०
हिशेब. गल्ल्यात ४५०, वहीत उधार २५०. खर्च काच ९०, सेल ५०, गास्केटं १०. शनिवारी उधारी आली तर काकांचे ५५०. जागेचं भाडं त्यातूनच. सकाळच्या वीस रुपयांपुढे त्यांनी लिहिलं, ‘पुसणं’.

तुमच्या घड्याळावर रेघ दिसली तर टूथपेस्टनं घासण्याआधी नख फिरवून बघा. अडकलं तर घासू नका, जिन्याखालच्या एखाद्या काकांना दाखवा. आणि ते ‘राहू द्या’ म्हणाले, तरी पैसे द्या.