स्कॅन केलं की सीमा ओलांडली?

कॅन्टीनमधल्या वडापावचे पैसे सेकंदात जातात. मग सिंगापूरहून चिपळूणला पैसे यायला दोन-दोन दिवस का लागायचे? आशियातले देश आता एकमेकांच्या फोनशी जोडले जातायत. त्यात कोण आत आलं आणि कोण बाहेर राहिलं, याची ही गोष्ट.

कॉलेजच्या कॅन्टीनमधला कालचाच सीन आठवा. चार कटिंग, दोन वडापाव. एकाने बिल भरलं, बाकीच्यांनी ‘पाठवतो रे’ म्हणत बसल्या जागी आपापला वाटा पाठवला. कोणाचं खातं कोणत्या बँकेत आहे, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

आता माझ्या मावसभावाचा सीन बघा. दादा सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर आहे. पगार झाला की पहिल्या रविवारी तो लिटल इंडियात जायचा. फिरायला जायचा असं वाटेल, पण तो जायचा पैसे पाठवणाऱ्या दुकानासमोर रांग लावायला. तास-दीड तास रांग, काउंटरवर फी आणि त्या दिवशी दुकानदार देईल तो रेट. चिपळूणजवळच्या गावात मावशीच्या खात्यात पैसे दिसायला दोन दिवस, मध्ये सुट्टी आली तर आणखी जास्त. तेवढे दिवस मावशी रोज फोन करून विचारणार, “पाठवलेस ना रे?”

‘प्रादेशिक आर्थिक एकात्मता’ हा शब्द मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला पाच मार्कांसाठी पाठ केला होता आणि पेपर देऊन विसरलेही होते. त्याचा अर्थ मला कळला तो दादाच्या या रांगेमुळे.

गुहागरला जायचं, पण मुंबईमार्गे

आधी एक बेसिक गोष्ट. परदेशातून पैसे येतात तेव्हा नोटा विमानात बसून येत नाहीत. एका बँकेच्या वहीत रक्कम कमी होते, दुसरीच्या वहीत वाढते. पण सिंगापूरमधल्या छोट्या बँकेचं आणि आपल्या तालुक्यातल्या बँकेचं एकमेकांकडे खातं नसतं. मग मध्ये तिसरी बँक येते, कधी चौथीही. बऱ्याचदा आधी अमेरिकन डॉलर घ्यायचा आणि मग त्याचे रुपये करायचे. म्हणजे चिपळूणहून गुहागरला जायचंय आणि एसटी मुंबईमार्गे जाते! प्रत्येक थांब्यावर कोणीतरी थोडंथोडं कापून घेतं.

हे कापणं किती असतं? जागतिक बँक हा खर्च नियमित मोजते. २०० डॉलर पाठवायचा जगाचा सरासरी खर्च २०२३-२४ मध्ये सहा टक्क्यांहून अधिक होता. काही मार्ग स्वस्त असतात, काही फारच महाग. तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. तुम्हाला तीन टक्के म्हणजे किरकोळ वाटेल. पण महिन्याला २० हजार रुपये पाठवणाऱ्याचे सहा टक्क्यांनी १२०० जातात. वर्षाला १४,४००. गावाकडच्या घरात एवढ्यात एका मुलीची कॉलेजची फी भागू शकते.

फोन नंबर पुरेसा आहे

एप्रिल २०२१ मध्ये सिंगापूर आणि थायलंडने एक साधी वाटणारी गोष्ट केली. सिंगापूरचं ‘पेनाऊ’ आणि थायलंडचं ‘प्रॉम्प्टपे’ या आपल्या यूपीआयसारख्या दोन सिस्टीम त्यांनी थेट जोडल्या. अशा दोन देशांच्या सिस्टीम जोडण्याची जगातली ही पहिलीच वेळ होती. समोरच्याचा मोबाइल नंबर टाकायचा आणि पैसे पाठवायचे, बस्स.

मग आपला नंबर आला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी यूपीआय आणि पेनाऊ जोडले गेले. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास आणि सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख रवी मेनन यांनी आपापल्या फोनवरून पहिले व्यवहार केले. सुरुवातीची मर्यादा होती दिवसाला ६० हजार रुपये.

ही जोडणी फक्त घरी पैसे पाठवण्यापुरती नाही. ऑगस्ट २०२२ पासून इंडोनेशियाचा पर्यटक बँकॉकच्या बाजारात स्वतःच्याच अ‍ॅपने क्यूआर स्कॅन करू शकतो. त्याच्या खात्यातून रुपिया जातो, दुकानदाराला बात मिळतो. मध्ये डॉलर नाही. दुकानदाराच्या बाजूने विचार करा. कार्ड मशीन घेणं रस्त्यावरच्या नूडल्सवालीला परवडत नाही, पण छापलेला कागद चिकटवणं परवडतं. आपल्या भाजीवाल्या मावशींना जे समजलं, ते तिकडच्या मावश्यांनाही समजलंय.

१९९७ चा धडा

हेच देश एवढे पुढे का? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माच्याही आधी. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने बातला डॉलरशी बांधून ठेवणं सोडलं आणि बात कोसळला. पाठोपाठ शेजारीही हलले. इंडोनेशियात १९९७ च्या मध्याला एका डॉलरला साधारण २,४०० रुपिया पडत होते, जानेवारी १९९८ मध्ये १० हजारांच्या वर. डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या कंपन्या बुडाल्या, नोकऱ्या गेल्या, महागाई भडकली. मे महिन्यात सुहार्तोंची ३२ वर्षांची राजवट संपली.

धडा असा की संकट शेजाऱ्याकडे आलं की ते आपल्याकडेही येतं, आणि प्रत्येक गोष्टीसाठी डॉलरवर विसंबणं महागात पडतं. २००० मध्ये थायलंडच्या चियांग माईत आसियानचे देश, चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी अडचणीत एकमेकांना परकीय चलन पुरवायचं ठरवलं. ही व्यवस्था आता २४० अब्ज डॉलरची आहे. पण ती मध्यवर्ती बँकांसाठी. नूडल्सवालीपर्यंत किंवा दादापर्यंत ती पोहोचत नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये बालीत इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंडच्या मध्यवर्ती बँकांनी पेमेंट सिस्टीम जोडण्याच्या करारावर सह्या केल्या, तेव्हा ते सहकार्य खऱ्या अर्थाने रस्त्यावर उतरायला लागलं. पुढच्या वर्षी व्हिएतनामही आला.

४५ रस्ते की एक जंक्शन?

आता अकरावीचं गणित आठवा. पाच देशांना एकमेकांशी दोन-दोन करून जोडायचं तर १० जोडण्या लागतात. दहा देशांना ४५. प्रत्येक जोडणीला वेगळी बोलणी, वेगळं सॉफ्टवेअर, वेगळे नियम. म्हणून ‘नेक्सस’ नावाची कल्पना आली. सगळ्यांनी एकाच जंक्शनला जोडून घ्यायचं. केंद्रीय बँकांची बँक मानल्या जाणाऱ्या बासलच्या ‘बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स’ने ही आखणी केली. ३० जून २०२४ रोजी भारत, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड यांनी त्यावर सह्या केल्या. २०२६ पर्यंत ती सुरू होण्याची अपेक्षा रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितली होती.

गंमत बघा, याच भारताने ४ नोव्हेंबर २०१९ रोजी ‘आरसेप’ या मोठ्या व्यापार करारातून माघार घेतली होती. न्यूझीलंडची स्वस्त दूध पावडर आली तर दोन-तीन गाई सांभाळणाऱ्या शेतकऱ्याचं काय होणार, हा त्यामागचा एक मोठा प्रश्न होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही दूध संकलन केंद्रावर जा, तो प्रश्न लगेच कळेल. म्हणजे देश जोडले गेले की सगळ्यांचं आपोआप भलं होतं, असं नाही. कोणाचं काय जातंय, हे प्रत्येक वेळी बघावंच लागतं.

मग बाहेर कोण राहिलं?

पेमेंटच्या जोडणीलाही हाच प्रश्न विचारायला हवा. थायलंडमध्ये सगळ्यात जास्त स्थलांतरित कामगार म्यानमारचे आहेत. मासळीच्या कारखान्यांत, बांधकामांवर, शेतात. त्यांच्यातल्या अनेकांकडे पूर्ण कागदपत्रं नाहीत, म्हणून बँक खातं नाही, म्हणून क्यूआरचा उपयोग नाही. ते आजही एजंटमार्फत पैसे घरी पाठवतात. त्या पद्धतीला तिथे काय म्हणतात माहितीये? हुंडी! हो, तोच आपला शब्द. विश्वासावर चालणारी, पावती नसलेली. एजंट गायब झाला तर तक्रार करायची कोणाकडे?

दुसरी गोष्ट रेटची. समजा बाजारात सिंगापूर डॉलर ६२ रुपयांना आहे आणि तुम्हाला ६१ चा भाव दिला. ५०० डॉलर पाठवले तर ५०० रुपये गेले. पावतीवर मात्र ‘फी शून्य’. त्यामुळे ‘फ्री ट्रान्सफर’ची जाहिरात दिसली की फीबरोबर त्या क्षणाचा रेटही तपासा.

आणि तिसरी गोष्ट आमच्या घरातली. फेब्रुवारी २०२३ ची बातमी वाचून मी उत्साहात दादाला मेसेज केला, “आता रांग बंद!” त्याचा रिप्लाय आला, “आईचं खातं कुठे आहे बघ.” मावशीचं खातं गावातल्या एका सहकारी बँकेत. सुरुवातीला सिंगापूरहून येणारे पैसे घेणाऱ्या भारतीय बँका होत्या फक्त सहा, आणि ती त्यात नव्हती. २०२५ मध्ये हा आकडा १९ वर गेला, तरी मावशीची बँक त्या यादीत नाहीच. दोन देशांच्या पंतप्रधानांसमोर जे उद्घाटन झालं, ते मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं.

शेवटी तिने तालुक्याला जाऊन यादीतल्या बँकेत खातं काढलं. एसटीने दोन फेऱ्या झाल्या, एका फेरीत आधारची झेरॉक्स राहिली म्हणून परत. शेजारच्या नववीतल्या मुलाने तिला यूपीआय आयडी तयार करून दिला आणि पिन कोणालाही सांगायचा नाही, हे तीन वेळा बजावलं.

पहिले पैसे आले तेव्हा दादा अजून फोनवरच होता. मावशीचा मोबाइल वाजला, तिने मेसेज वाचला आणि घाबरून माझ्या आईला फोन लावला. “अगं, कुठलातरी फ्रॉड दिसतोय. पाठवलेले पैसे लगेच कसे येतील?”

आम्ही हसलो. पण मला तिची शंका चुकीची वाटत नाही. पैसे यायला दोन दिवस लागतात, कोणीतरी मध्ये कापून घेतो, हाच तिचा इतक्या वर्षांचा अनुभव. आशियाचा विकास सर्वसमावेशक झाला का, हे मला तरी बालीतल्या सह्यांपेक्षा तिच्या मेसेजवरून जास्त कळतं.

तुमच्याही घरात, चाळीत, गावात कोणीतरी आखातात, सिंगापूरला, जहाजावर असेलच. या रविवारी त्यांना दोनच प्रश्न विचारा. तुम्ही पाठवता त्यातले घरी किती पोहोचतात? आणि घरच्यांचं खातं कोणत्या बँकेत आहे? यादी तपासून बघायला तुम्हाला पाच मिनिटं लागतील. त्यांचा मात्र रांगेतला रविवार वाचू शकतो.

दादाचा वाचलाय. परवा फोन केला तर म्हणाला, झोपलो होतो.